ओळीचा पत्ता आणि रकान्याचे नाव : खसऱ्यापासून अहवालाच्या सूत्रापर्यंत

इंदूर शहराच्या पूर्वेकडील खजराना आज दाट वस्तीचे उपनगर आहे. गणपतीचे देऊळ आणि नाहरशाह वली यांचा दर्गा यांमुळे माळव्यात ते सर्वांना ठाऊक असते. महसुली कागदांत मात्र ते अजून गावच आहे. ग्राम खजराना, पुढे पटवारी हलका क्रमांक, त्यापुढे खसरा क्रमांक असा पत्ता लिहिला जातो. शेते गेली, वसाहती उभ्या राहिल्या, गल्ल्यांची नावे बदलली. परंतु जमिनीची ओळख पटवायची वेळ आली की खरेदीखतातील खसरा क्रमांकच वर येतो. ज्याला तो क्रमांक ठाऊक नाही, त्याला आपलीच जागा कागदावर सापडत नाही.

संगणकाच्या अभ्यासक्रमात ‘बिझनेस इंटेलिजन्स’ या नावाने अहवाल-लेखन शिकवताना विद्यार्थी निरनिराळ्या शब्दांत एकच प्रश्न विचारतात : हवी असलेली संख्या कोणत्या ओळीतली आणि कोणत्या रकान्यातली, हे सूत्राला सांगायचे कसे? पाठ्यपुस्तके या प्रश्नाला आज्ञावलीने उत्तर देतात. आज्ञा पाठ होते, आवृत्ती बदलली की विसरली जाते. वस्तुतः हा प्रश्न संगणकापेक्षा पुष्कळ जुना आहे आणि आपल्या दप्तरांनी त्याची काही पक्की उत्तरे शोधून ठेवलेली आहेत. त्या उत्तरांचा मागोवा घेणे आणि ती विसरल्यामुळे अलीकडच्या काळात काय घडले, हे एका ठळक उदाहरणाने दाखवणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

खसरा, शजरा आणि खतौनी

खसरा म्हणजे गावातील प्रत्येक शेताला एक ओळ देणारी नोंदवही. क्षेत्र, धारकाचे नाव, पीक, सिंचन, शेरा असे तिचे रकाने. तिच्या जोडीला शजरा, म्हणजे गावाचा नकाशा. अरबीत ‘शजर’ म्हणजे झाड. वंशावळीलाही शजरा म्हणतात आणि शेतांच्या नकाशालाही. नकाशावरील तुकडा आणि नोंदवहीतील ओळ यांना जोडणारा दुवा एकच, खसरा क्रमांक. तिसरा कागद खतौनीचा. खसऱ्यात जी माहिती शेतवार असते, तीच खतौनीत खातेदारवार लावलेली असते. एका खातेदाराच्या नावाखाली त्याचे सर्व खसरा क्रमांक, त्यांच्या क्षेत्राची बेरीज आणि लगान. मध्य प्रदेशात आजही लोक ‘खसरा आणि बी-1’ अशी जोडीनेच नक्कल मागतात. त्यातली बी-1 ही खतौनीच होय. आजच्या अहवाल-प्रणालीत ज्याला तपशीलाचे कोष्टक आणि गटवार सारांश म्हणतात, ते पटवाऱ्याच्या दप्तरात शेजारी शेजारी बांधलेले होते. दोहोंच्या बेरजा जुळल्या पाहिजेत, हा नियमही त्यातच आला.

खसऱ्याचा खरा शहाणपणा मात्र दुसरीकडे दिसतो. समजा, खसरा क्रमांक 112 च्या शेताचे दोन भावांत वाटप झाले. तेव्हा 112/1 आणि 112/2 असे बटे पाडले जातात. 113 चा क्रमांक 114 होत नाही. एक ओळ वाढली म्हणून खालच्या शंभर ओळींचे पत्ते सरकत नाहीत. महाराष्ट्रात हेच काम पोटहिश्श्याने होते. सबंध गावाचे क्रमांक नव्याने देण्याची वेळ बंदोबस्तासारख्या मोठ्या प्रसंगीच येते आणि तेव्हा जुना क्रमांक व नवा क्रमांक समोरासमोर मांडणारी यादी करावी लागते. 1947 च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली महाराष्ट्रात सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले, तेव्हाही अशी यादी लागली. ही यादी हरवली तर आजोबांच्या कागदातील जमीन आणि नातवाच्या कागदातील जमीन एकच आहे, हे सिद्ध करायला वर्षे जातात. ज्यांनी तलाठ्याच्या कचेरीचे उंबरठे झिजवले आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

महाराष्ट्रातील वाचकांना याहून जवळचे उदाहरण सातबाऱ्याचे. हे त्या कागदाचे नाव नव्हे, पत्ता आहे : गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. सातमध्ये अधिकार, बारामध्ये पिके. सातबाऱ्यावर वर्तुळात लिहिलेला आकडा वाचकाला गाव नमुना सहामधील, म्हणजे फेरफाराच्या नोंदवहीतील, त्याच क्रमांकाच्या ओळीकडे पाठवतो. हक्क कसा बदलला हे तिथे लिहिलेले असते. एका कोष्टकातील नोंदीने दुसऱ्या कोष्टकातील ओळ दाखवावी, ही कल्पना खेड्यातला अल्पशिक्षित शेतकरीही वापरतो. संगणकाच्या वर्गात ती नव्याने समजावून सांगावी लागते, याचे मला नेहमी नवल वाटते.

हिशेबाची आपली भाषाही याच दप्तरांतून आलेली आहे. हिशेब, जमा, खर्च, बाकी, वजा, रक्कम, बाब, तक्ता, दप्तर हे सारे शब्द अरबी-फारसीतून मराठीत येऊन मुरलेले आहेत. शिवाजी महाराजांच्या काळी राज्यव्यवहारकोश रचून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय सुचवले गेले. त्यातले काही रुळले, परंतु जमाखर्चाने आपली भाषा सोडली नाही. होळकरांच्या मोडी कागदांतही तीच भाषा आढळते. ‘वजाबाकी’ हा शाळकरी शब्द तर दोन अरबी शब्दांचा जोड आहे.

आईनमधील रिकाम्या जागा

कोष्टकाची परंपरा यापेक्षाही मागे जाते. अरबी ज्योतिषशास्त्रातील ‘झीज’ हे ग्रंथ म्हणजे मुख्यतः कोष्टकेच. एका कडेला अंश, दुसऱ्या कडेला कला, आणि दोन्ही जिथे मिळतात त्या जागी उत्तर. अशा ग्रंथांपैकी ‘झीज-ए-मुहंमदशाही’ तयार करवणारा सवाई जयसिंह माळव्याचा सुभेदार होता आणि त्याची एक वेधशाळा इंदूरपासून फारशा दूर नसलेल्या उज्जैनला आहे.

परंतु अहवालाच्या दृष्टीने खरे महत्त्व अबुल फज्लच्या ‘आईन-ए-अकबरी’ला आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तयार झालेल्या या ग्रंथात सुभे, सरकारे आणि महाल यांची कोष्टके आहेत. प्रत्येक महालाला एक ओळ. रकान्यांत मोजलेले क्षेत्र बिघा-बिस्व्यात, जमा दामांत, सुयुर्गल म्हणजे धर्मादाय व मदत म्हणून तोडून दिलेला महसूल, जमीनदारांची जात, घोडदळ आणि पायदळ. माळवा सुभ्याच्या उज्जैन सरकारात कंपेल हा महाल आढळतो. पुढे अठराव्या शतकात ज्याच्या शेजारी इंदूर वाढले आणि ज्याला मागे टाकून गेले, तेच हे कंपेल. आज इंदूर जिल्ह्यातले ते एक गाव आहे. खजराना परिसराचा मोगलकालीन महसूल शोधणाऱ्याने इंदूरच्या नावाने ओळ शोधली तर हाती काही लागत नाही. कोणत्या काळात ती जागा कोणत्या नावाखाली मोजली जात होती, हे आधी ठरवावे लागते.

याच ग्रंथात बंगालच्या सुभ्याची जमा दिलेली आहे, पण मोजलेल्या क्षेत्राचे आकडे नाहीत, कारण तिथे जमिनीची मोजणी झालेली नव्हती. इर्फान हबीब यांचा 1963 मधील ग्रंथ किंवा शिरीन मूसवी यांचा 1987 मध्ये प्रसिद्ध झालेला आईनच्या आकडेवारीचा अभ्यास वाचताना लक्षात येते की या विषयातील बरेचसे कष्ट अशा रिकाम्या जागांचा अर्थ लावण्यातच गेले आहेत. जागा रिकामी आहे ती शेती नाही म्हणून, की मोजणी नाही म्हणून? बंगालमध्ये शून्य बिघे जमीन होती असे कोणी म्हणणार नाही. अरबीत ‘सिफ्र’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘रिकामे’ असाच होता आणि तोच पुढे शून्याचे नाव झाला. भाषेत ही गल्लत गोड वाटते. हिशेबात तिची किंमत मोजावी लागते, आणि 2004 साली ती कोणी मोजली ते पुढे येईलच.

व्हिसिकॅल्कपासून पुढे

1979 मध्ये डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचे ‘व्हिसिकॅल्क’ ॲपल टू या संगणकावर आले. रकान्यांना अक्षरे, ओळींना आकडे. तिसऱ्या रकान्यातील सातवी ओळ म्हणजे सी7. सूत्र दुसऱ्या ओळीत उतरवताना हा पत्ता बरोबर सरकवायचा की जागेवर ठेवायचा, असे व्हिसिकॅल्क प्रत्येक पत्त्यासाठी विचारत असे. त्रासदायक होते, पण विचार करायला भाग पाडणारे होते. 1983 मध्ये आलेल्या ‘लोटस 1-2-3’ने स्थिर पत्त्यासाठी डॉलरचे चिन्ह रूढ केले, तो प्रश्न मग कोणी विचारेनासे झाले. मायक्रोसॉफ्टच्या 1982 मधील ‘मल्टिप्लॅन’मध्ये ओळ आणि रकाना दोन्ही आकड्यांनी सांगत, उदाहरणार्थ आर7सी3. ‘एक्सेल’मध्ये आजही ही दुसरी पद्धत निवडता येते, जरी फारसे कोणी निवडत नाही.

दोन्ही पद्धतींत एक गोष्ट समान आहे. पत्ता जागेचा आहे, त्या जागी राहणाऱ्याचा नव्हे. ओळ वाढवली की प्रणाली स्वतःचे पत्ते बहुधा दुरुस्त करते, परंतु बेरजेच्या टोकाला किंवा बाहेरून आणलेल्या माहितीत ती फसते. कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांच्या 2010 मधील प्रसिद्ध अर्थशास्त्रीय निबंधात सरासरीचे सूत्र 30 ते 49 या ओळींऐवजी 30 ते 44 एवढेच पोचत होते. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क हे पाच देश त्यातून गळाले. थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने 2013 मध्ये मूळ फाइल मागवून हे उघड केले. त्या निबंधावरील आक्षेपांत या चुकीचा वाटा लहान होता. वगळलेली वर्षे आणि देशांना दिलेले वजन यांचा मोठा. तरीही लोकांच्या लक्षात राहिली ती हीच चूक.

दुसरी परंपरा नावाची. 1970 मध्ये एडगर कॉड यांनी मांडलेल्या संबंधात्मक प्रतिमानात ओळींना क्रमच नाही. रकाना नावाने ओळखायचा आणि ओळ तिच्या कळीने, म्हणजे दोन ओळींत कधीही सारख्या न येणाऱ्या मूल्याने. खसरा क्रमांक म्हणजे कॉडच्या परिभाषेत अशी कळच. 1991 मधील ‘लोटस इम्प्रोव्ह’ने कोष्टकातली सूत्रे नावांनी लिहिण्याचा प्रयोग केला, तो बाजारात टिकला नाही, पण कल्पना टिकली. एक्सेलच्या 2007 च्या आवृत्तीत कोष्टकाच्या रकान्याला नावाने हाक मारता येऊ लागली. 2010 च्या सुमारास ‘पॉवरपिव्हट’बरोबर आलेल्या आणि आज ‘पॉवर बीआय’मध्ये वापरल्या जाणाऱ्या ‘डॅक्स’ या सूत्रभाषेत सी7 सारखा पत्ता लिहिताच येत नाही.

एक्सेलमधून आलेला विद्यार्थी इथेच अडखळतो. त्याला दोन प्रकारची सूत्रे वेगळी करून दाखवावीत. पहिले ओळीचे सूत्र : क्षेत्र गुणिले दर बरोबर लगान. ते प्रत्येक ओळीत त्या ओळीपुरतेच चालते. दुसरे गोषवाऱ्याचे सूत्र : अहवालातील निवडीनंतर ज्या ओळी शिल्लक राहतील तेवढ्यांची बेरीज, आणि मग भागाकार. पहिले खसऱ्याचे, दुसरे खतौनीचे. या दोहोंची गल्लत झाली की वॉर्डांच्या साक्षरता-दरांची सरासरी काढून तीच शहराचा साक्षरता-दर म्हणून छापली जाते; वास्तविक आधी साक्षरांची बेरीज, मग लोकसंख्येची बेरीज आणि शेवटी भागाकार व्हायला हवा. ‘क्रिस्टल रिपोर्ट्स’सारख्या प्रणालीत मागील ओळीचे मूल्य मागता येते, पण ‘मागील’ कोण हे अहवाल कोणत्या क्रमाने लावला आहे त्यावर ठरते. क्रम बदला, उत्तर बदलते.

सप्टेंबर 2004

आता ज्या उदाहरणासाठी हा लेख लिहिला, ते. सप्टेंबर 2004 मध्ये जनगणना आयुक्तांच्या कार्यालयाने 2001 च्या जनगणनेतील धर्मवार आकडेवारी प्रसिद्ध केली. 1991 ते 2001 या दशकात मुस्लिम लोकसंख्या 36 टक्क्यांनी वाढली आणि आधीच्या दशकापेक्षा हा वेग अधिक आहे, असे त्यातून ठळकपणे पुढे आले. वृत्तपत्रांचे मथळे झाले, राजकीय निवेदने निघाली.

सूत्र साधे होते. 2001 मधील मुस्लिम लोकसंख्या सुमारे 13 कोटी 82 लाख. 1991 मधील सुमारे 10 कोटी 16 लाख. भागाकार 1.36. बेरीज बरोबर, भागाकारही बरोबर. परंतु 1991 मध्ये जम्मू-काश्मीरमध्ये अशांततेमुळे जनगणनाच झाली नव्हती. वरच्या संख्येत त्या राज्याची ओळ होती, खालच्या संख्येत ती रिकामी होती, आणि बेरजेने रिकाम्या जागेला शून्य मानले. 2001 मध्ये त्या राज्यात सुमारे 68 लाख मुस्लिम होते. ते वरच्या संख्येतून वजा केले की 13 कोटी 14 लाख उरतात, आणि वाढीचा दर 29.3 टक्के येतो. म्हणजे जवळजवळ सात टक्क्यांचा फरक एका ओळीने घडवला. आधीच्या दशकाशी तुलना करतानाही 1981 मध्ये आसामात जनगणना झाली नव्हती, हे ध्यानात घ्यावे लागते. दोन्ही दशके एका पायावर आणली की वेग वाढलेला नसून उतरलेला दिसतो. काही दिवसांतच कार्यालयाने ही दोन राज्ये वगळून दुरुस्त आकडे पुढे केले. तोवर पहिला आकडा देशभर पोचला होता आणि तो पुढेही अनेक वर्षे व्यासपीठांवरून ऐकू येत राहिला.

येथे अध्यापकांनी विद्यार्थ्यांकडून आणखी एक गणित करून घ्यावे. हीच चूक हिंदू लोकसंख्येच्या दरातही होती. तिथे दर 20.3 होता, जम्मू-काश्मीर वगळले की तो सुमारे 20 होतो. एकाच रिकाम्या ओळीने एका समाजाचा आकडा सातने फुगवला आणि दुसऱ्याचा अर्ध्या टक्क्यानेही नाही, कारण त्या राज्याची दोन-तृतीयांश लोकसंख्या मुस्लिम होती. सूत्र दोघांना एकच लावले होते, म्हणून परिणाम सारखा झाला असे नाही. कोणी हेतुपूर्वक केले की अनवधानाने, या वादात मला शिरायचे नाही. आकडा चुकला कसा हे ज्याला मांडून दाखवता येते, त्याला त्या वादाची गरज उरत नाही. दुर्दैवाने तेव्हा आपल्याकडील बहुतेक निवेदने रागाची होती, गणिताची फार थोडी.

हे सूत्र नावाने लिहिले असते तर? ‘दोन्ही वर्षांत ज्या राज्यांत मोजणी झाली, तेवढ्याच राज्यांच्या ओळी घ्या’ ही अट भागाकाराच्या वरही आणि खालीही लागली असती. पॉवर बीआयमध्ये त्यासाठी राज्यांच्या यादीत ‘1991 मध्ये मोजणी’ असा एक रकाना वाढवून त्यावर गाळणी लावली की पुरते. यंत्राला ही अट आपणहून सुचत नाही. मोजणी झाली नाही ही माहिती कोष्टकात कोणत्याच रकान्यात नव्हती. ती कुठेतरी तळटीपेत होती, आणि तळटीप सूत्राला दिसत नाही.

खजरान्याचा तक्ता

आपल्या वस्तीच्या शिक्षणाची स्थिती मांडा, असा प्रकल्प विद्यार्थ्यांना दिला की ते जनगणनेचा वॉर्डनिहाय गोषवारा घेऊन बसतात. पहिली ठेच रकान्याची. साक्षरता-दर काढताना साक्षरांना एकूण लोकसंख्येने भागतात. जनगणनेत साक्षरता सात वर्षे व त्यावरील वयाची मोजली जाते, म्हणून एकूण लोकसंख्येतून शून्य ते सहा वयाचा रकाना वजा करून मग भागायचे. सच्चर समितीने नोव्हेंबर 2006 च्या अहवालात 2001 साठी दिलेला मुस्लिमांचा 59.1 आणि देशाचा 65.1 टक्के हा साक्षरता-दर याच आधाराचा आहे. ज्या वस्तीत लहान मुले अधिक, तिथे चुकीच्या भाजकाने दर अधिक खाली जातो. म्हणजे वस्ती आहे त्याहून मागास दिसते आणि दोष आपल्याच विद्यार्थ्याच्या सूत्राचा असतो.

दुसरी ठेच ओळीची. 2011 च्या जनगणनेच्या वेळी इंदूर महापालिकेचे 69 वॉर्ड होते. हद्दवाढीनंतर ते 85 झाले. तेव्हा जुन्या कोष्टकातला एखादा वॉर्ड क्रमांक आणि आजच्या महापालिकेच्या यादीतला तोच क्रमांक एकच मुलूख दाखवतील असे धरता येत नाही. क्रमांकाने जोडलेली दोन कोष्टके संगणक विनातक्रार जोडतो आणि खजरान्याच्या शाळांची संख्या दुसऱ्याच मोहल्ल्याच्या लोकसंख्येने भागली जाते. उपाय जुनाच आहे, जुना-नवा क्रमांक दाखवणारी यादी. ती नकाशा समोर ठेवून, मोहल्ल्यांच्या नावांनी, हातानेच करावी लागते. यात एक दुपार जाते. ज्यांचे आजी-आजोबा या गावात शेती करत होते अशा मुलांना सोबत घेतले तर काम लवकर होते आणि खसरा म्हणजे काय हे वेगळे शिकवावे लागत नाही.

तिसरी अडचण सुटत नाही. वॉर्डाच्या गोषव्यात धर्मवार साक्षरतेचा रकाना नसतो. खजरान्यातील मुस्लिम मुलींची साक्षरता किती, हे त्यातून काढता येत नाही. जिल्ह्याचा दर उचलून वॉर्डाला लावण्याचा मोह विद्यार्थ्यांना होतो, क्वचित प्राध्यापकांनाही. 2021 मध्ये व्हायची जनगणना त्या वर्षी झाली नाही, त्यामुळे 2011 चे आकडेही आता फार जुने झालेले आहेत. घरोघर जाऊन स्वतः पाहणी केली तर रकाना भरता येईल. तोवर तक्त्यात तो रिकामा ठेवावा, आणि त्याच्या शेजारी आणखी एक रकाना काढून त्यात लिहावे : मोजणी उपलब्ध नाही.